काचेचा हिशेब

गेल्या रविवारी लेकीला शाळेचे नवे बूट घेतले. बूट राहिले बाजूला, तिचं सगळं लक्ष खोक्यातल्या त्या छोट्या पांढऱ्या पुडीकडे. "बाबा, यावर 'खाऊ नका' लिहिलंय. हे कोण खातं?" मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हटलं, "कोणी नाही गं. सिलिका जेल आहे ते, ओलावा शोषून घेतं. दे टाकून." ती काही हलली नाही. "कोणीच खात नाही तर मग लिहिलं कशाला?" आता आली का पंचाईत!

उत्तर सुचलं ते रात्री, आणि तेही भलत्याच कारणाने. कॉलेजपासूनचा एक मित्र आहे (नाव सांगत नाही, तो हे वाचतो). सध्या नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी उभं करायच्या खटपटीत आहे. त्याचा फोन आला. कल्पना अशी : अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात लोह कमी आहे, म्हणून तिथे सूक्ष्म शेवाळ पुरेसं वाढत नाही. जहाजातून थोडं लोह टाकायचं. शेवाळ वाढतं, कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, मरून तळाला जातं. जेवढा कार्बन तळाला गेला तेवढ्याचे क्रेडिट विकायचे. लोह टाकणारे दुसरे कोणीतरी, याची कंपनी फक्त मोजणार. उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्र किती हिरवा झाला ते बघायचं, त्यावरून कार्बनचा आकडा काढायचा आणि एका देखण्या डॅशबोर्डवर मांडायचा. तो डॅशबोर्ड मी शनिवार-रविवार बसून लिहून द्यायचा. बदल्यात कंपनीत हिस्सा.

मी त्याच्याकडून एक आठवडा मागून घेतला. रोज रात्री जेवण झाल्यावर वाचत बसलो. मी काही समुद्रशास्त्रज्ञ नाही, समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पण हिशेब जुळतोय की नाही एवढं बघायची सवय धंद्यानेच लागलेली आहे. तर मित्रा, माझं उत्तर 'नाही' असं आहे. का ते खाली सविस्तर लिहितो. लिहिताना लेकीच्या प्रश्नाचंही उत्तर आपोआप येईल, कारण सिलिका 'खाणारा' प्राणी म्हणा, वनस्पती म्हणा, ज्या समुद्रात सगळ्यात जोरात आहे तो नेमका हाच समुद्र.

त्याचं नाव डायटम. मराठीत करंडक वनस्पती असाही शब्द आहे, आणि तो फार नेमका आहे. एकाच पेशीचा जीव, केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून लहान, आणि तो राहतो काचेच्या करंड्यात! करंड्याला खालचा भाग आणि वरचं झाकण, दोन्ही सिलिकाचे. खिडकीची काच ज्या जातीची, साधारण त्याच जातीचा पदार्थ, फक्त त्यात पाणी धरलेलं असतं. त्याला ओपल म्हणतात. आपण काच बनवायला भट्टी पेटवतो. हा पठ्ठ्या शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात, पाण्यात विरघळलेलं सिलिसिक ॲसिड शोषून, बिनभट्टीची काच विणतो. समुद्रात जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं सुमारे ४० टक्के एकट्या डायटमांचं आहे असा अंदाज आहे. म्हणजे तुम्ही-आम्ही घेतो त्या प्राणवायूत या काचवाल्यांचा वाटा चांगलाच मोठा.

आता ही सिलिका येते कुठून? खडकांतून. पाऊस पडतो, खडक झिजतात, विरघळलेली सिलिका नद्यांतून समुद्रात जाते. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्टही असाच झिजत असतो आणि कृष्णा-गोदावरी त्याची सिलिका बंगालच्या उपसागरात नेऊन टाकत असतात. पण गंमत पुढे आहे. २०२१ साली शास्त्रज्ञांनी या सगळ्याचा जागतिक ताळेबंद नव्याने मांडला. त्याप्रमाणे सगळ्या वाटांनी मिळून समुद्रात दरवर्षी येणारं सिलिकॉन साधारण ४० कोटी टन. आणि डायटम वगैरे मंडळी वर्षाला वापरतात ते साधारण ७०० कोटी टन! उत्पन्न ४०, खर्च ७००. आमच्या घरचा महिन्याचा हिशेब असा निघाला असता तर बायकोने मला घराबाहेर काढलं असतं.

हे जमतं कसं, तर तेच तेच सिलिकॉन पुन्हा पुन्हा वापरून. डायटम मरतो, त्याची काच विरघळते, सिलिसिक ॲसिड पाण्यात मोकळं होतं, दुसरा डायटम ते उचलतो. समुद्रात आलेला सिलिकॉनचा एक अणू तळाच्या गाळात कायमचा गाडला जाईपर्यंत सरासरी १६ वेळा कुणा ना कुणाच्या करंड्यात जाऊन येतो, आणि त्याला सुमारे ८००० वर्षं लागतात. म्हणजे हा धंदा सगळा फिरत्या भांडवलावर चाललेला आहे. भांडवल फिरायचं थांबलं की धंदा बसला.

आणि इथेच थंड पाण्याचा मुद्दा येतो. नीट लक्ष द्या, कारण माझ्या मित्राच्या स्लाइडमध्ये हा मुद्दाच नव्हता.

डायटमच्या अंगात दोन प्रकारचा माल असतो. एक मऊ माल : कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस. हा खाण्यासारखा असतो. कोपेपॉड नावाचे बारके कवचधारी जीव तो खातात, जिवाणू खातात, आणि खाऊन झालं की नायट्रोजन-फॉस्फरस वरच्या वर पाण्यात परत येतं. दुसरा कडक माल, म्हणजे काच. ती कोणी पचवत नाही. कोपेपॉड आतला गर खातो आणि काच विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर टाकतो. म्हणजे निसर्गानेही त्या करंड्यावर 'खाऊ नका' असं लिहूनच ठेवलंय! काच पाण्यात परत येण्याचा मार्ग एकच : हळूहळू विरघळणं. समुद्राचं पाणी सिलिकाच्या बाबतीत नेहमीच भुकेलं असतं, त्यामुळे ती विरघळते हे नक्की. पण जिवंत असताना काचेवर एक सेंद्रिय लेप असतो. आधी जिवाणूंनी तो लेप खाऊन काढायचा, मग पाणी काचेला भिडणार. थंडीत जिवाणूही सुस्त आणि विरघळण्याची क्रियाही सुस्त. त्यामुळे गार समुद्रात काच विरघळायच्या आत खोल निघून जाते, आणि वर राहतं ते नायट्रेट. मऊ माल वरच्या मजल्यावर फिरतो, कडक माल तळघरात जमा होतो.

दक्षिण महासागर हे या कारभाराचं मुख्य कार्यालय म्हणायला हरकत नाही. तिथे अंटार्क्टिकाच्या जवळ खोलवरचं पाणी वर येतं. त्यात सिलिसिक ॲसिड भरपूर, लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या आसपास (एककाकडे बघू नका, आकडा लक्षात ठेवा). पश्चिमेचे वारे हे वर आलेलं पाणी उत्तरेकडे ढकलतात. वाटेत डायटम त्यातली सिलिका ओरबाडून घेतात. पाणी उत्तरेला उप-अंटार्क्टिक भागात पोचेपर्यंत नायट्रेट बऱ्यापैकी शिल्लक असतं, पण सिलिका मात्र जवळजवळ साफ. एकोणिसाव्या शतकात, १८७२ ते १८७६ या काळात, चॅलेंजर जहाजाने जगभरच्या समुद्रतळाचा गाळ वर काढून तपासला तेव्हा अंटार्क्टिकाभोवतीच्या तळावर डायटमच्या काचेचा चिखलच्या चिखल मिळाला होता. तो याच ओरबाडणीचा पुरावा.

त्यात लोहाची भानगड अशी. या समुद्रात लोह अगदी कमी, कारण धुळीचं वादळ पोचेल अशी उघडी जमीन जवळ नाही. लोहाशिवाय पेशीला नायट्रेट नीट वापरता येत नाही. पण काच विणणं चालूच राहतं. परिणाम असा की लोहाचा उपाशी डायटम नायट्रोजनच्या मानाने दुप्पट-तिप्पट सिलिका उचलतो. वाळकी अंगकाठी आणि त्यावर जाडजूड चिलखत. यातला एक प्रसिद्ध गडी म्हणजे फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्ग्वेलेन्सिस (नावाला घाबरू नका, मीही तीनदा वाचलं). २००३ साली शास्त्रज्ञांनी अतिशय बारीक काचेच्या सुयांनी डायटमची कवचं दाबून बघितली. ती फोडायला दर चौरस मीटरला १०० ते ७०० टन वजन ठेवावं एवढा दाब लागतो असं निघालं. आणि हे फोडायला निघालेल्या कोपेपॉडच्या दातांची टोकंही कशाची, तर सिलिकाची! काचेचं चिलखत आणि काचेचे दात. लाखो वर्षं हीच मारामारी चालू आहे.

हे जाड चिलखतवाले सिलिका तळाला नेतात, कार्बन मात्र फारसा नेत नाहीत. उलट कीटोसिरॉससारखे काही डायटम पातळ कवचाचे, भराभर वाढणारे आणि झटक्यात गठ्ठ्याने बुडणारे असतात. ते कार्बन खाली नेतात. 'डायटम' असं एकच नाव दिलं तरी एक कंपनी काच बुडवते आणि दुसरी कार्बन बुडवते. वरून बघणाऱ्या उपग्रहाला दोन्ही हिरव्याच दिसतात.

आता मित्राच्या बाजूने बोलतो, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलंस. कल्पना वेडगळ अजिबात नाही. जॉन मार्टिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती जोरात मांडली आणि १९९३ पासून समुद्रात प्रत्यक्ष प्रयोग झाले. लोह टाकल्यावर शेवाळ वाढतं यात आता शंका नाही. हिमयुगात वाऱ्याने जास्त धूळ यायची आणि तेव्हा इथलं पाणी जास्त सुपीक असायचं याचेही पुरावे गाळात सापडले आहेत. २००४ सालच्या आयफेक्स प्रयोगात तर डायटमचा मोठा बहर आला आणि त्यातलं निम्म्याहून जास्त जैववस्तुमान १००० मीटरच्या खाली गेलं. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मित्राच्या दुसऱ्या स्लाइडवर हाच प्रयोग होता.

तिसऱ्या स्लाइडवर असायला हवा होता तो प्रयोग त्याने घेतलाच नाही. आणि तो तर आपल्या गोव्याचा! २००९ साली दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड व्हेगनर संस्थेने मिळून 'लोहाफेक्स' केला. नावातलं 'लोहा' आपलंच. पोलारस्टर्न हे जर्मन जहाज जानेवारीत केपटाउनहून निघालं. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, जर्मन सरकारने प्रयोग मध्येच थांबवायला सांगितला, आढावा घेतला आणि महिनाअखेर परवानगी दिली. मग अटलांटिकच्या उप-अंटार्क्टिक भागातल्या एका भोवऱ्यात ३०० चौरस किलोमीटरच्या तुकड्यावर दोन वेळा, प्रत्येकी दोन टन लोह टाकलं आणि ३९ दिवस लक्ष ठेवलं.

झालं काय? हरितद्रव्य दुप्पट झालं. प्रकाशसंश्लेषणही दुप्पट. आणि खाली बुडणारा कार्बन? बाजूच्या, लोह न टाकलेल्या पाण्यात जेवढा बुडत होता साधारण तेवढाच. कारण त्या पाण्यात सिलिसिक ॲसिड २ मायक्रोमोलपेक्षा कमी होतं. वरचा १०० आठवतोय ना? त्याच्या जागी २. ते आधीच्या डायटमांनी वापरून संपवलेलं पाणी होतं. लोह मिळालं, पण काचच नाही, तर करंडा कशाचा विणणार? वाढले ते बिनकवचाचे दुसरे बारके जीव, एकूण वनस्पती प्लवकांत डायटम १० टक्क्यांहूनही कमी. बिनकवचाच्या जिवांवर कोपेपॉड तुटून पडले, आणि कोपेपॉडांवर कोळंबीसारखे दिसणारे ॲम्फिपॉड. मेजवानी झाली, कार्बन पुन्हा वरच्या वर. वर्तमानपत्रांनी 'प्रयोग फसला' म्हणून बातम्या दिल्या.

मला विचाराल तर हा फसलेला प्रयोग नव्हेच. असल्या प्रयोगांतला हा सगळ्यात कामाचा. कारण मित्राच्या डॅशबोर्डवर लोहाफेक्स कसा दिसला असता ते बघा. हिरवा रंग दुप्पट. आलेख वर. कार्बन वाढला. क्रेडिट विका, पेढे वाटा! प्रत्यक्षात खाली गेलेली वाढ जवळपास शून्य. जी गोष्ट मोजायची ती समुद्राच्या पृष्ठभागावरून दिसतच नाही, आणि जी दिसते ती मोजायची नाही.

हे मला इतकं लागलं याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका जुन्या कंपनीत (नाव जाऊ द्या) आमच्याकडे ऑर्डर घेणारी एक सिस्टिम होती. हळू चालायची. मी आणि आणखी एकाने रात्र जागून तिचे थ्रेड वाढवले, अडलेला बोळा काढला. दुसऱ्या दिवशी आलेख बघतो तर सेकंदाला दुप्पट ऑर्डर! साहेबांनी समोसे मागवले. संध्याकाळी कळलं की पुढची बिलिंगची सिस्टिम त्याच डेटाबेसच्या त्याच मोजक्या कनेक्शनवर जगत होती. ती सगळी आम्ही खाऊन टाकली. ऑर्डर दुप्पट आल्या आणि बिलं एकाचीही गेली नाहीत. साहेब एवढंच म्हणाले, "वेग वाढवलात, पण काम पुरं किती झालं?" ते समोसे अजून पचलेले नाहीत.

समुद्रातही 'पुढची सिस्टिम' आहे, आणि माझा खरा विरोध तिच्यासाठी आहे. सिलिका ओरबाडून घेतलेलं ते उप-अंटार्क्टिक पाणी हिवाळ्यात खाली बसतं आणि मधल्या खोलीवरून उत्तरेकडे पसरतं, अटलांटिक, प्रशांत आणि आपल्या हिंदी महासागरातही. २००४ साली एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं की ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडे समुद्रात जे जैविक उत्पादन होतं, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशाला लागणारं खतपाणी याच पाण्यातून येतं. आणि त्यात नायट्रेट असतं पण सिलिका कमी, म्हणून उष्ण समुद्रांत डायटमना नेहमीच ओढाताण. म्हणजे अंटार्क्टिकाच्या दारात डायटमनी किती काच उचलली यावर हजारो किलोमीटर लांबच्या समुद्रात, काही दशकांनी, डायटमना काय मिळणार ते ठरतं. आणि डायटम म्हणजे अनेक माशांच्या अन्नाची पहिली पायरी. आपल्या किनाऱ्यावरची तारली तर सरळ डायटमच खाते. मालवणच्या ताटातल्या तारलीचा हिशेब थेट पोलारस्टर्नच्या भोवऱ्याशी जोडायचा नाही मला, तेवढी सरळ रेघ नसते. पण साखळी आहे.

आता लोह टाकल्याने पुढे सिलिका कमी जाईल की जास्त? इथे गंमत आहे. लोह मिळालं की डायटम पातळ चिलखत घालतात, म्हणजे प्रत्येक जण सिलिका कमी उचलतो. म्हणून काही शास्त्रज्ञांचं म्हणणं, हिमयुगात दक्षिणेकडून उत्तरेला सिलिका जास्त झिरपली असेल. पण डायटमांची संख्याच वाढली तर एकूण उचल वाढूही शकते. आणि नायट्रेट तर नक्कीच जास्त वापरलं जाणार, म्हणजे उत्तरेला तेवढं कमी. उत्तर कुठल्याही बाजूला जाऊ शकतं, पण काहीच बदलणार नाही हे शक्य नाही. ज्यांच्या समुद्रात बदल होणार त्यांना क्रेडिटच्या पैशातला छदामही मिळणार नाही, आणि त्यांना कोणी विचारलेलंही नाही. सार्वजनिक नळावर स्वतःची मोटर लावून वर 'मी पाणी वाचवतो' म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

यावर मित्र फोनवर म्हणाला, "अरे, पण समुद्र तसाही बिघडतोच आहे. काहीच न करणं हा पण निर्णयच ना?" मुद्दा खरा आहे, टाळणार नाही. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतंय. त्याचा काचेशी काय संबंध? २०२२ साली एक अभ्यास आला : पाणी जास्त आम्लधर्मी झालं की ओपल आणखी सावकाश विरघळतं. म्हणजे काच आणखी खोल जाणार, वर आणखी कमी परतणार. त्या गणिताप्रमाणे सन २२०० पर्यंत जगातले डायटम १३ ते २६ टक्क्यांनी घटू शकतात. फिरत्या भांडवलाचं चाक असं हळूहळू रुततंय. हे वाचून मलाही रात्री झोप लागली नाही. पण मला यातून निघतो तो निष्कर्ष मित्राच्या उलटा आहे. ज्या खात्यात आधीच गळती लागली आहे, त्यात वह्या न बघता नवा व्यवहार करायचा नसतो.

वह्या कशा आहेत, तर अर्धवट. समुद्रात आज स्वयंचलित तरंगते यंत्रमानव सोडलेले आहेत, ते खालीवर करत उपग्रहामार्फत माहिती पाठवतात. आर्गो म्हणतात त्यांना, फार सुंदर काम आहे. त्यातल्या जैव-रासायनिक जातीचे फ्लोट मुख्यतः सहा गोष्टी मोजतात : ऑक्सिजन, नायट्रेट, पीएच, हरितद्रव्य, तरंगते कण आणि प्रकाश. सिलिका त्या सहांत नाही. ती मोजायला अजूनही कोणीतरी जहाजावर उभं राहून, गारठलेल्या बोटांनी बाटल्यांत पाणी भरावं लागतं. जो आकडा लोहाफेक्सचा निकाल ठरवून गेला, तोच आपण सर्वांत कमी ठिकाणी बघतो.

तेव्हा माझं मत साफ सांगतो. प्रयोग करा. सरकारी पैशाने, छोटे, उघड, सगळी माहिती जगाला फुकट देऊन. लोहाफेक्ससारखे आणखी दहा 'फसू' देत, गोव्याच्या संस्थेला त्यासाठी परत जहाज मिळू दे, मी कर भरतो त्यातून खुशाल घ्या. पण तळाला गेलेला कार्बन आणि पुढे गेलेली सिलिका, दोन्ही मोजल्याशिवाय एक ग्रॅमही विकू नका. जगातल्या देशांनी २००८ साली लंडन करारांतर्गत ठराव करून साधारण हेच म्हटलं होतं : शास्त्रीय संशोधन सोडून समुद्राला खत घालायचं नाही. तरी २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर सुमारे १०० टन लोहयुक्त माल एका खाजगी प्रकल्पाने ओतलाच, आणि क्रेडिटचं गाजरही दाखवलेलं होतं. म्हणजे भीती काल्पनिक नाही.

आणि मित्रा, तुझ्यासाठी वेगळं. तू चार गोष्टी मान्य कर. लोह टाकायच्या आधी त्या पाण्यातली सिलिका मोजायची आणि आकडा जाहीर करायचा. १००० मीटरवर सापळे लावून खरोखर काय बुडतंय ते मोजायचं. पाणी पुढे जिथे जाणार तिथलं मोजमाप क्रेडिट विकल्यावरही वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. आणि जिथे बुडालं नाही तिथे डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात 'शून्य' दाखवायचं. हे जमत असेल तर तो डॅशबोर्ड मी फुकट लिहून देतो, हिस्साबिस्सा काही नको. नुसता हिरवा आलेख हवा असेल तर तो लिहिणारे शंभर मिळतील, मी त्यांतला नाही.

हे लिहून परवा रात्री त्याला आधी पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही. नेहमी लगेच फोन करतो. रागावला असेल. रागावू दे, समोशांच्या वेळी मलाही कोणीतरी आधी अडवायला हवं होतं.

लेकीला काल सगळं सांगितलं, डायटम, करंडा, काचेचे दात वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे काच ते घेतात, पण खात कोणीच नाही. मग बरोबर लिहिलंय." पुडी आता तिच्या कंपासपेटीत आहे. टाकून द्यायला तयार नाही.